आधी कोणाकडे?

आपल्याकडे नापास होणं आकड्यात सांगतात. दोन मार्कांनी गेली, एका विषयात राहिली, ग्रेस मिळाले असते तर निघाली असती. आकडा हाताशी असला की माणसाला त्याच्याशी भांडता येतं; फेरतपासणीचा अर्ज टाकता येतो, पेपर तपासणाऱ्याला बोल लावता येतो. अमेरिकेत परिचारिकेचा परवाना हवा असेल तर एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात नापास झालेल्या मुलीला जो कागद मिळतो त्यावर एकही मार्क नसतो. विषयांची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे तिनांतला एक शेरा: उत्तीर्णतेच्या पातळीच्या वर, पातळीच्या जवळ किंवा पातळीच्या खाली. माझ्या भाचीच्या कागदावर संसर्ग आणि सुरक्षिततेपुढे ‘वर’ होतं, औषधांपुढे ‘जवळ’. आणि ‘काळजीचं व्यवस्थापन’ या नावापुढे ‘खाली’. रात्रीच्या ड्युटीत एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलीला हा शेरा किती लागला ते मी बघितलंय. औषधांत कच्ची म्हटलं असतं तर तिने पुस्तक उघडलं असतं. काळजीच घेता येत नाही म्हटल्यावर तिने पुस्तक मिटून ठेवलं.

तो कागद घेऊन ती आषाढात माझ्याकडे अंबाडीला आली.

तिचं घर भिवंडीत, यंत्रमागांच्या गल्लीत. खाली माग, वर माणसं. मागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो आणि ज्यांचा जन्म त्यात गेला त्यांना तो ऐकूही येत नाही. वीज जाऊन माग थांबले की मात्र सगळं घर दचकून जागं होतं. बहिणीचा फोन आला, ‘ताई, थोडे दिवस ठेव हिला तुझ्याकडे. इथे बसायला जागा नाही, आणि येणारा-जाणारा विचारतोय, परीक्षेचं काय झालं म्हणून.’ जागा माझ्याकडे आहे. बाहेरच्या लोकांना अंबाडी म्हणजे नाका एवढंच माहीत. भिवंडीहून वाड्याला जाणारा रस्ता इथून जातो आणि एक फाटा वज्रेश्वरीवरून वसईच्या बाजूला निघतो. माणसं गाडी बदलायला उतरतात, वडापाव खातात आणि पुढे जातात. कारखान्यांचे ट्रक रात्रभर चालू असतात. पण नाक्यापासून जरा आत आलं की भाताची खाचरं लागतात. आषाढात तिथे आवणी चाललेली असते. चिखलात वाकलेल्या बाया, पाठीवर प्लास्टिकचे कागद, बांधावर एखादं इरलं अजून दिसतं. आमच्या ओटीवर बसलं की पाऊस ऐकू येतो, बेडूक ऐकू येतात आणि लांबून ट्रकचा हॉर्न. पहिले काही दिवस तिला इथे झोपच लागेना. कान मागांचा आवाज शोधत होते.

मी सरकारी नोकरीत परिचारिका होते. शिक्षण मुंबईत झालं, नोकरी बहुतेक ठाणे जिल्ह्यातल्या ग्रामीण दवाखान्यांत. आमच्या वेळी परवान्याची वेगळी परीक्षा नव्हती. शेवटच्या वर्षाची परीक्षा सुटली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवायचं आणि कामाला लागायचं. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली ही नोंदणी होते. त्यामुळे भाचीचा अभ्यास मला आधी परका वाटला. पॅरासिटामॉलला तिथे वेगळंच नाव, ताप फॅरनहाइटमध्ये, वजन पौंडांत. मग एका संध्याकाळी लाइट नव्हती, तिच्या मोबाइलच्या उजेडात तिच्या शेजारी बसून मी प्रश्न वाचायला लागले, आणि गुंतत गेले.

ही परीक्षा संगणकावर होते आणि प्रत्येकीला वेगळे प्रश्न येतात. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की जरा सोपा. १९९४ पासून ती अशी घेतात. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. उमेदवार पातळीच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की यंत्र मध्येच थांबतं. भाचीचं ८५ ला थांबलं. ८५ ला थांबणाऱ्यांत झकास उत्तीर्ण झालेल्या असतात, आणि ज्यांच्या नापास होण्याबद्दल यंत्राला शंका उरलेली नाही अशाही असतात. तिथून उठून निकाल हाती येईपर्यंतचे दिवस तिने कसे काढले, हे ती अजून नीट सांगत नाही. मीही खोदून विचारत नाही.

पण एक गोष्ट तिला आधी कोणी समजावून सांगितली नव्हती, आणि पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलीला ती पहिल्या दिवशी सांगायला हवी असं मला वाटतं. हे प्रश्न मुद्दाम उमेदवाराच्या कुवतीच्या काठावर ठेवलेले असतात. हुशार मुलीला अवघड, त्याहून हुशार मुलीला त्याहून अवघड. म्हणजे उत्तीर्ण होणारीचेसुद्धा जवळपास निम्मे प्रश्न चुकतात. आपल्या मुली बोर्डाच्या परीक्षांवर वाढलेल्या. पेपर सोपा गेला म्हणजे सुटलो, अवघड गेला म्हणजे संपलं, हा हिशेब दहावीपासून अंगात मुरलेला. त्या थंडगार खोलीत बसून प्रश्न अवघड होत गेले तसं तिला वाटायला लागलं की आपल्याला काहीच येत नाही. खरं तर तेव्हा तिचं बरोबर चाललं होतं म्हणूनच ते अवघड होत होते. हे तिला माहीत नव्हतं. हात गार पडले, आणि नंतरचे प्रश्न तिने वाचले नाहीत, नुसते संपवले. परदेशात शिकून ही परीक्षा पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी अलीकडे निम्म्याच्या आसपासच उत्तीर्ण होतात, हे मी तिला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा थोडी सैल झाली. आपण एकटीच राहिलो नाही, एवढं कळणंसुद्धा माणसाला पुरतं कधी कधी.

नापास झाल्यावर पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. फी पुन्हा भरायची, २०० डॉलर. अमेरिकेबाहेर बसायचं म्हणून वर १५०. खाजगी दवाखान्यातल्या परिचारिकेला निदान वीस हजार रुपये तरी पगार असावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगितलं होतं. तेवढे हातात पडणाऱ्या मुली मला भिवंडीत फारशा भेटलेल्या नाहीत. मुली बाहेर का जातात, हा प्रश्न मला म्हणून कोणी विचारू नये.

अभ्यासाचं सांगते. त्या सगळ्या प्रश्नांचा जोर एकाच गोष्टीवर असतो: आधी काय. समोर चार रुग्ण आहेत, आधी कोणाकडे जाल? काल पोटाचं ऑपरेशन झालेला एक जण दुखतंय म्हणून रडतोय. एका मधुमेही बाईची साखर १८० आहे. एकाला घरी जायचंय, तो कागदांची वाट बघतोय. आणि चौथ्याच्या पायाला प्लास्टर आहे. तो फक्त एवढंच म्हणतो की इंजेक्शन देऊनही दुखणं थांबत नाही आणि बोटांना मुंग्या येतायत. भाचीने रडणारा निवडला. मीही कदाचित तोच निवडला असता. आपल्या वॉर्डात जो ओरडतो त्याच्याकडे आधी जावं लागतं, कारण त्याच्याबरोबर चार नातेवाईक ओरडत असतात. पण प्लास्टरच्या आत सूज चढून रक्तपुरवठा तुटत असेल, तर काही तासांत त्या पायाचं काय होईल, हे ज्याला कळतं त्याने आधी मुंग्यावाल्याकडे जायला हवं. ऑपरेशननंतर दुखणं अपेक्षित आहे, इंजेक्शनला दाद न देणारं दुखणं अपेक्षित नाही. हे तिला शिकवलेलं होतं. परीक्षेतही आठवलं होतं. पण वॉर्डाने लावलेली सवय आधी धावली.

दुसरी सवय याहून खोल होती. जवळजवळ प्रत्येक प्रश्नात एक उत्तर असतं: डॉक्टरांना कळवा. भाची दर वेळी तेच दाबायची. रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजतेय, पाठ दुखतेय, आधी काय कराल? तिचं उत्तर, डॉक्टरांना कळवा. मी तिच्याकडे बघतच राहिले. ‘अगं, आधी रक्त बंद करशील ना?’

‘मावशी, मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘मी तिथे खाटेपाशी असते तर आधी बंदच केलं असतं. पण कोणी विचारलं की वाटतं, मी कोण बंद करणारी?’

तिच्या नापास होण्याचं कारण मला त्या वाक्यात सापडलं. आपल्या दवाखान्यांत परिचारिका दिवसाला किती निर्णय घेते याची मोजदाद नाही. पण घेतलेला निर्णय तिने कधी स्वतःच्या नावावर ठेवायचा नसतो. ‘सर, एकदा बघता का?’ असं म्हणत तो अलगद दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. तिला दिसलेलं असतं, कळलेलं असतं, पुष्कळदा केलेलंही असतं. केसपेपरवर ते आदेश म्हणून उतरतं. वर्षानुवर्षं असं केल्यावर मुलगी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचं विसरते. ती परीक्षा नेमका तो भरवसा मागत होती. आधी तू बघ, श्वास मोज, खाटेचं डोकं वर कर, रक्त बंद कर, आणि मग फोन उचल. पुन्हा अभ्यास करायचा म्हणजे आणखी पाठांतर करायचं असं ती धरून चालली होती. मी म्हटलं, तुझी पुस्तकं झाली आहेत, आता आपण तुझ्या खाटा काढू.

एकदा स्नायू थकत जाण्याच्या एका आजारावर प्रश्न आला. रुग्णाच्या पापण्या पडतायत, आवाज नाकातून येतोय, पाणी पिताना ठसका लागतोय. आधी काय? डोळ्यांत थेंब घालावेत, खोलीत शांतता ठेवावी, खाणं मऊ द्यावं, श्वास तपासावा. ती अडली. मी तिला एका पोराची गोष्ट सांगितली.

असाच पावसाळा होता. पाड्यावरून त्याला उचलून आणला होता. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. अंगावर जखम नाही, सूज नाही. घरच्यांना वाटलं, खाण्यातून काही झालं. तो माझ्यासमोर बाकावर बसला होता आणि माझ्याकडे बघायला मान मागे टाकत होता. पापण्या वर जात नव्हत्या. मण्यार. तिच्या दातांच्या खुणा कित्येकदा दिसतही नाहीत आणि दुखतही नाही, म्हणून तर माणूस झोपेतच जातो. डॉक्टर यायला वेळ होता. मी त्याला म्हटलं, बाळा, एका दमात आकडे म्हण. तो पंचवीसपर्यंत गेला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावलं, सतरा. मग अकरा. छातीतलं बळ किती उरलंय, हे ते आकडे सांगत होते. त्याचे वडील माझ्यावर चिडले, पोराला बरं नाही आणि बाई पाढे म्हणायला लावतेय. डॉक्टर आले तोवर सर्पविषावरच्या लसीच्या कुप्या, सलाइन, सक्शन, अंबू बॅग सगळं काढून मांडलेलं होतं. १०८ च्या रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली आल्या. ही त्याच्या बरीच आधीची गोष्ट. दवाखान्याच्या जीपमधून ठाण्यापर्यंत मी आणि वॉर्डातले मामा आळीपाळीने बॅग दाबत गेलो. खड्ड्यात जीप आदळली की मास्क सुटायचा, तो पुन्हा बसवायचा, पुन्हा दाबायचं. पोरगा ठाण्याला व्हेंटिलेटरवर राहिला आणि पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेला.

भाची ऐकत होती. मग तिने पडद्याकडे पाहिलं. ‘पापण्या पडतायत, गिळता येत नाही... मावशी, हा तुझा पोरगाच आहे. श्वास.’ अमेरिकेतल्या त्या प्रश्नात मण्यार नव्हती. शरीर मात्र तेच होतं. त्या दिवसापासून ती प्रत्येक प्रश्नाला एक ओळखीची खाट शोधायला लागली. हृदय थकून पायांना सूज आलेला माणूस म्हणजे तिच्या वॉर्डातला मागावरचा जॉबर. बाळंतपणात झटके आलेली बाई म्हणजे पहिल्याच नाइट ड्युटीला आलेली ती. तिच्या वहीत आता औषधांच्या याद्या कमी आणि माणसं जास्त आहेत.

निर्णय स्वतःच्या नावावर ठेवणाऱ्या परिचारिका आपल्यातच आहेत, हे तिला कळावं म्हणून मी तिला कामा रुग्णालयाची रात्र वाचायला लावली. २६ नोव्हेंबर २००८. अंजली कुलथे ड्युटीवर होत्या आणि त्यांच्या वॉर्डात २० गरोदर बायका होत्या. अतिरेकी मागच्या बाजूने आवारात शिरले, पहारेकरी मारले गेले. कुलथे यांनी वॉर्डाची दारं बंद केली आणि सगळ्या बायकांना टोकाच्या छोट्याशा पँट्रीत हलवलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने बाळंतपणाच्या खोलीपर्यंत नेलं. पुढे न्यायालयात त्यांनी त्या अतिरेक्यांपैकी कसाबला ओळखलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. आधी कोणाकडे जायचं, कोणाला थांबवायचं, कोणाला त्या अवस्थेतही हलवायचंच, हे त्या रात्री कुणाला विचारणार होत्या? भाचीने ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ‘डॉक्टरांना कळवा’ या उत्तरावर तिचा हात पहिल्यासारखा जात नव्हता.

एका बाबतीत मात्र ते प्रश्न मला अजून उपरे वाटतात. तिथे नातेवाईक नसतात. रुग्ण खोलीत एकटा असतो. मुलगी फोनवरून चौकशी करते आणि रुग्णाच्या परवानगीशिवाय तिला काही सांगायचं नसतं. आपल्याकडे निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. भांडं देणं, भरवणं, कूस वळवणं, सलाइन संपली की धावत येऊन सांगणं. परीक्षेत विचारतात, यातलं कुठलं काम मदतनिसाला सांगाल? पाणी पाजणं सांगता येतं, अंघोळ सांगता येते. रुग्णाची अवस्था जोखणं, त्याला समजावून शिकवणं, उपचाराचा गुण आला का ते ठरवणं, ही कामं परिचारिकेने कुणाच्या गळ्यात घालायची नसतात. नियम चांगलाच आहे. पण ज्या वॉर्डात चाळीस खाटा आणि एक सिस्टर असते तिथल्या मुलीला तो नियम पाळायची ऐपतच कधी मिळालेली नसते. त्यावरचं तिचं उत्तर चुकतं, यात आश्चर्य नाही. आणि या मुलींना नापास म्हणताना ही गोष्ट जमेला धरायला यंत्राकडे जागाच नाही.

मग अशा परीक्षा हव्यातच कशाला, असं भाचीने एकदा चिडून विचारलं. हा वाद तिच्या पणजीच्याही आधीचा आहे. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला विरोध होता. चांगली परिचारिका कोण, हे परीक्षा घेऊन ठरत नाही असं त्यांचं म्हणणं. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ साली ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभारली आणि नोंदणीच्या बाजूने तीसेक वर्षं भांडल्या. न्यूझीलंडने १९०१ साली कायदा केला, ब्रिटनने १९१९ साली. तिथल्या नोंदवहीतलं पहिलं नाव फेनविकबाईंचं आहे. मुंबईत तोवर बाई काशीबाई गणपत शिकायला येऊन कैक वर्षं झाली होती. १८९१ साली शिक्षण घ्यायला आलेल्या त्या पहिल्या भारतीय परिचारिका मानल्या जातात. त्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल याची मला कल्पना करता येते.

मी फेनविकबाईंच्या बाजूची. आमच्या भागात बारावी झालेली, कधी तेवढीही न झालेली मुलगी एखाद्या खाजगी दवाखान्यात दोन महिने इंजेक्शन देताना बघते आणि तिसऱ्या महिन्यापासून तिला सिस्टर म्हणतात. तिचा दोष नाही, तिला घर चालवायचं असतं. पण वीटभट्टीवरून ताप अंगावर काढून आलेल्या कातकरी बाईने काय करायचं? समोरच्या पांढऱ्या कपड्यातल्या मुलीला काय येतं हे तिला कसं कळणार? तिच्या वतीने कोणीतरी आधीच विचारून ठेवलं पाहिजे. परीक्षा म्हणजे माझ्या लेखी तेवढंच: जो विचारू शकत नाही त्याच्या वतीने विचारलेला प्रश्न. म्हणून भाचीला मी ‘जाऊ दे, नशीब नव्हतं’ असं एकदाही म्हटलं नाही.

तरीही नाइटिंगेलबाईंचं म्हणणं मला पुरतं खोडता येत नाही. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १८ मे २०१५ पर्यंत, तिथेच खाटेवर होत्या. एवढ्या वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाला कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं अशा मुली कामाला लागल्या, त्यांनीही तिला आपली मानलं. दयामरणाच्या मागणीला त्यांचा विरोध होता. आणि इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या शरीराला त्यांनी शय्याव्रण होऊ दिला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना त्यांच्या सेवेची दखल घेतली. ‘दर दोन तासांनी कूस बदलावी’, हे परीक्षेतलं एका ओळीचं उत्तर आहे. भाचीला ते झोपेतही येतं. ती ओळ चार दशकं, दिवाळीलाही, संपातही, कुणी बघत नसताना पाळणं कुठल्या प्रश्नात बसणार? मी हे तिला सांगितलं ते परीक्षेला हिणवायला नाही. तिच्या कागदावर ‘काळजी’ या शब्दाजवळ ‘खाली’ लिहिलंय, ते तिच्या हातांबद्दल लिहिलेलं नाही, एवढं तिला कळायला हवं होतं.

आता तिची तारीख पडली आहे, श्रावणात. केंद्र मुंबईत. भिवंडीच्या रस्त्याचा भरवसा धरून सकाळी इथून निघायचं नाही, असं आम्ही ठरवलंय; आदल्या दिवशीच ती मैत्रिणीकडे अंधेरीला जाऊन राहील. मधल्या वेळेत उठायचं, पाणी प्यायचं, हेही ठरलंय. प्रश्न अवघड होत गेले तर मनात म्हणायचं, बरं चाललंय.

ती गेली तर काय, हा प्रश्न माझ्या मनात असतो. मण्यार दर पावसाळ्यात असते. पाड्यांवर माणसं अजून जमिनीवर झोपतात. जिला पापण्यांवरून श्वास ओळखता येतो अशी मुलगी मी तयार करतेय, आणि ती इथून जावी म्हणून तयार करतेय. तिला मी हे बोलून दाखवलं नव्हतं, तिनेच एका रात्री विचारलं, ‘मावशी, मी इथेच राहावं असं वाटतं ना तुला?’ वाटतं, म्हणाले. खोटं कशाला बोलू? पण तिला राहायला सांगायचं तर तिला माणसासारखा पगार, खाटांच्या हिशेबात सिस्टर आणि ‘मी बंद केलं’ असं केसपेपरवर लिहायचा हक्क द्यायला हवा. ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात तिच्यासोबत बसणं आहे.

काल एका प्रश्नावर आमचं जुंपलं. म्हाताऱ्या बाईला कर्करोग निघालाय, मुलगा म्हणतो, आईला सांगू नका. परिचारिकेने काय करावं? मी म्हटलं, मुलाशी बोलावं, घरचं बघावं. तिने साफ नाकारलं. ‘आधी त्या बाईंना विचारायचं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. त्यांनी म्हटलं, सगळं मुलालाच सांगा, तर मुलाला सांगायचं. पण विचारायचं त्यांना.’ मी पाड्यांवरच्या चार म्हाताऱ्यांचे दाखले दिले. ती हटली नाही. ‘त्यांना तरी कोणी विचारलं होतं का, मावशी?’ जेवण गार झालं, मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही, पण ती ज्या आवाजात बोलत होती तो आवाज मला आषाढात ऐकू आला नव्हता. मी ताटं उचलली आणि म्हटलं, पुढचा वाच.

पुढचा बाळंतिणीचा होता. बाळंत होऊन तास झालाय, रक्तस्राव थांबत नाही, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागतंय. आधी काय? चार उत्तरं तिने वाचायच्या आत आम्ही दोघी एकदमच ओरडलो, ‘चोळायचं!’